दाबलेल्या हवेची हत्यारे

दाबून साठवलेली हवा मोकळी होताना जो जोर लावते, त्या जोरावर चालणारे हत्यार म्हणजे वायुचालित हत्यार. ते ठोकते, फिरवते, ढकलते किंवा फवारते. त्याच्या पोटात विजेची मोटार नसते की इंजिन नसते. सहसा असतो एक पोकळ सिलिंडर आणि त्यात हवेच्या जोराने हलणारा एखादा भाग. महामार्गावरच्या टायरच्या दुकानात ट्रकच्या चाकाचे नट काही सेकंदांत सोडवणारी ‘गन’, रस्ता फोडणारा ब्रेकर, फाउंड्रीतला ग्राइंडर, रंगाऱ्याची स्प्रे गन, दंतवैद्याचे बारीक आवाजात किंचाळणारे ड्रिल आणि विहिरीच्या तळाशी कातळात सुरुंगाची भोके पाडणारा जॅकहॅमर ही सगळी एकाच कुळातली.

हे हत्यार कधी एकटे नसते. त्याच्या मागे होस पाइप असतो, पाइपामागे लोखंडी लाइन, लाइनीमागे टाकी आणि टाकीमागे कंप्रेसर. हातात धरलेला भाग हलका आणि साधा असतो, कारण अवजड आणि गुंतागुंतीचा भाग दूर कुठेतरी शेडमध्ये बसवलेला असतो. त्यामुळे या हत्यारांचा विचार करताना हत्यारापाशी थांबून भागत नाही. हवा सगळीकडे फुकट मिळते, पण तिच्यातला दाब वीज किंवा डिझेल जाळून तयार करावा लागतो. तो कसा तयार होतो, वाटेत किती वाया जातो आणि शेवटी कामाला किती येतो, या हिशेबातच या विषयाचे सगळे मर्म आहे.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलो असतो. तो सगळ्या बाजूंनी सारखाच असल्यामुळे जाणवत नाही आणि त्याच्याकडून कामही होत नाही. काम होते ते दाबातल्या फरकामुळे. कारखान्यातल्या हवेच्या लाइनीत सहसा ६ ते ७ बार दाब ठेवतात. गेजवर दिसणारा हा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा वरचा असतो. म्हणून गेज ७ बार दाखवत असेल, तर आतला दाब बाहेरच्या आठपट असतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार तापमान कायम असेल, तर दाब जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने आकारमान घटते. त्यामुळे ८ घनमीटर मोकळी हवा १ घनमीटरच्या टाकीत मावते. ती बाहेर पडायला सतत धडपडत असते. तिच्या वाटेत दट्ट्या, पाते किंवा चक्र ठेवले की ते हलते.

लोहाराचा भाता हवा हलवतो, पण फारशी दाबत नाही. भट्टी फुलवायला वारा पुरतो. दगड फोडायला दाब लागतो. हा फरक उद्योगात खऱ्या अर्थाने उतरला तो आल्प्स पर्वतात. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ सेनी बोगद्याचे काम १८५७ साली सुरू झाले. बोगदा १२ किलोमीटरहून लांब होता आणि डोंगराची उंची पाहता मधूनमधून कूपक खणणे शक्य नव्हते. खोदाई दोनच तोंडांनी करावी लागणार होती. छन्नी आणि घण वापरून दिवसाला जेमतेम वीतभर प्रगती होत होती. वाफेचे यंत्र आत नेले असते, तर धुराने माणसे गुदमरली असती. जर्मां सोमेये या अभियंत्याने डोंगरातल्या ओढ्यांच्या पाण्याच्या जोरावर बोगद्याबाहेर हवा दाबली, ती लोखंडी नळांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर दगड पोखरणारी यंत्रे चालवली. यंत्रातून सुटणारी वापरलेली हवा मजुरांना श्वासासाठी मिळाली, हा आणखी एक फायदा. पंचवीस वर्षे लागतील असे वाटणारे काम १८७० च्या डिसेंबरात आरपार झाले आणि १८७१ मध्ये बोगदा सुरू झाला. उद्घाटनाच्या काही आठवडे आधीच सोमेयेचा मृत्यू झाला होता.

याच काळात सह्याद्रीत बोरघाटाचा लोहमार्ग बांधला जात होता. १८५६ ते १८६३ या वर्षांत तिथले पंचवीस बोगदे काळ्या पाषाणातून पहार, छन्नी, घण आणि सुरुंगाची दारू यांवर खोदले गेले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवायची आणि भोकातली पूड खरवडून काढायची. पुढे यंत्राने केले ते नेमके हेच: घाव घालणे, फिरवणे आणि पूड बाहेर काढणे. हाताच्या या तीन हालचाली लक्षात ठेवल्या, तर जॅकहॅमरची रचना समजायला वेळ लागत नाही.

माँ सेनीच्या यंत्रांची हकिगत एका नियतकालिकात वाचून अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसला दाबलेल्या हवेने रेल्वेचे ब्रेक चालवण्याची कल्पना सुचली. १८६९ साली त्याने पेटंट घेतले. बेंजामिन टिल्घमनने १८७० मध्ये हवेच्या झोताने वाळू मारून पृष्ठभाग घासण्याची रीत काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हातात धरायचे हातोडे आले आणि जहाजांचे, पुलांचे, उंच इमारतींचे लोखंडी सांगाडे या हातोड्यांनी रिव्हेट ठोकून उभे राहू लागले. भारतात स्वातंत्र्यानंतर यंत्रोद्योग वाढला तसा कंप्रेसरही इथेच बनू लागला. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ साली निघाली. मूळ स्वीडनच्या अ‍ॅटलास कॉप्कोने १९६० मध्ये दापोडीला बस्तान बसवले. आसपासच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या वाहन उद्योगाला या यंत्रांची मोठी गरज पडत गेली.

हवा दाबण्याचे मुख्य प्रकार दोन. दट्ट्याच्या कंप्रेसरमध्ये इंजिनासारखाच दट्ट्या खालीवर होतो. खाली जाताना झडपेतून हवा ओढतो, वर येताना ती दाबून टाकीत ढकलतो. गॅरेजात आणि पंक्चरच्या दुकानात दिसतो तो हा. स्क्रू कंप्रेसरमध्ये मळसूत्राच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि त्यांच्या खाचांत अडकलेली हवा पुढे सरकताना आक्रसत जाते. त्यातून हवेचा प्रवाह अखंड निघतो, म्हणून दिवसभर हवा लागणाऱ्या कारखान्यांत आणि डिझेलवर चालणाऱ्या फिरत्या यंत्रांत स्क्रू जास्त चालतो. दोन्हींची क्षमता टाकीच्या आकारावरून ठरत नाही. मिनिटाला किती मोकळी हवा ओढून किती दाबाला दिली, यावर ती ठरते. बाजारात हा आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत सांगतात. १ घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. टाकी हा फक्त साठा आहे. हवेची मागणी एकदम वाढली, तर ती थोडा वेळ तग धरते, एवढेच.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे खालचे टोक गरम लागते, त्याचे हेच कारण. ही उष्णता कूलरमधून काढून टाकावी लागते, आणि हवा थंड झाली की तिच्यातले पाणी सुटते. हे पाणी किती असते याचा अंदाज सहसा येत नाही. पावसाळ्यात मुंबईत तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारा कंप्रेसर म्हणजे मिनिटाला २४० ग्रॅम पाणी ओढतो. तीच हवा आठपट दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली, तर ती जेमतेम ३८ ग्रॅम वाफ धरून ठेवते. उरलेले २०० ग्रॅम पाणी होऊन खाली पडते. आठ तासांच्या एका शिफ्टमध्ये हे पाणी शंभर लिटरच्या जवळ जाते. ते काढले नाही, तर लाइनीत गंज धरतो, गंजाचे कण हत्यारात शिरतात, वंगण धुऊन जाते आणि स्प्रे गनमधून रंगाबरोबर थेंब उडतात. म्हणून टाकीला तळाशी नळ असतो, मुख्य लाइन किंचित उतरती टाकतात, आणि यंत्राकडे जाणारी शाखा लाइनीच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवतात. वरून काढलेल्या फाट्यात तळाने वाहणारे पाणी येत नाही. मोठ्या कारखान्यात शिवाय ड्रायर बसवतात.

हत्यार जोडण्याआधी शेवटचा टप्पा असतो फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर या तिघांचा; फिटर मंडळी त्याला ‘एफआरएल’ म्हणतात. फिल्टर पाणी आणि कचरा अडवतो, रेग्युलेटर दाब ठरावीक आकड्यावर धरून ठेवतो आणि ल्युब्रिकेटर हवेत तेलाचे थेंब सोडतो. बहुतेक हत्यारे ६.३ बार दाबावर ठरलेली शक्ती देतील अशी बनवलेली असतात. हा दाब हत्याराच्या तोंडाशी आणि हत्यार चालू असताना मिळायला हवा. लांबच लांब, बारीक होस आणि चार ठिकाणी जोडलेली कपलिंगे यांतून दाब १ बारने घटला, तर हत्याराची शक्ती सुमारे पाव हिस्सा कमी होते. कामगार म्हणतो हत्यार खराब आहे. खरे तर होस बारीक असतो.

फिरणाऱ्या हत्यारांत पात्यांची मोटार सर्वांत जास्त चालते. ती उघडून बाकावर मांडली, तर रचना एका नजरेत कळते. गोल सिलिंडरमध्ये त्याहून लहान रोटर असतो, पण मध्यभागी नाही. तो एका बाजूला सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे दोहोंमधली फट एका अंगाला निमुळती आणि दुसऱ्या अंगाला रुंद होते. रोटरला चार ते सहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत सैल सरकणारे एक पाते. रोटर फिरू लागला की पाती बाहेर फेकली जाऊन सिलिंडरच्या भिंतीला टेकतात आणि दोन पात्यांमध्ये एकेक कप्पा तयार होतो. निमुळत्या बाजूने हवा आत येते. कप्प्याच्या पुढच्या पात्याचा उघडा भाग मागच्या पात्याच्या भागापेक्षा मोठा असल्याने त्याच्यावर जास्त जोर येतो आणि रोटर फिरतो. कप्पा रुंद होत जातो तशी हवा प्रसरण पावते आणि शेवटी भोकांतून बाहेर सुटते. झिजणारा भाग म्हणजे ही पाती; ती बदलली की मोटार पुन्हा पहिल्यासारखी चालते.

या मोटारीचा स्वभाव विजेच्या मोटारीहून वेगळा आहे. मोकळी असताना ती सर्वांत वेगाने फिरते आणि काहीच काम करत नाही. भार वाढेल तसा वेग कमी होतो, पण पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो. मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर आली की ती सर्वांत जास्त शक्ती देते. भार फारच वाढला, तर थांबते. थांबल्यावर विजेच्या साध्या मोटारीत प्रवाह वाढून गुंडाळी जळू शकते. हवेची मोटार तशीच दाब धरून उभी राहते आणि भार काढताच पुन्हा फिरू लागते. थांबवली म्हणून ती जळत नाही. उलट प्रसरण पावणारी हवा थंड होत असल्याने हत्यार हाताला गारच लागते; सतत चालणाऱ्या हत्याराच्या सुटणाऱ्या हवेच्या भोकाशी कधीकधी हिमही धरते. ज्या हवेने कंप्रेसर तापवला तीच हवा इथे थंड होते. वाटेत काढून टाकलेली ती उष्णता म्हणजे गमावलेली ऊर्जा.

ग्राइंडर, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, नटरनर हे सगळे याच मोटारीवर चालतात. फरक असतो तो पुढे लावलेल्या गिअरांचा. हाताच्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास, तर साच्यांच्या बारीक घासकामाच्या डाय ग्राइंडरचा २० ते २५ हजार असतो. इतक्या वेगाला चाक फुटले, तर तुकडे गोळीसारखे उडतात, म्हणून मोठ्या ग्राइंडरला वेग आवरणारा गव्हर्नर असतो आणि चाकावर छापलेला वेग हत्याराच्या वेगापेक्षा जास्त असावा लागतो. दंतवैद्याच्या ड्रिलमध्ये पाती नसतात. बोराएवढे टर्बाइनचक्र हवेच्या झोताने मिनिटाला ३ ते ४ लाख फेऱ्या घेते. १९५७ साली आलेल्या अशा एअर टर्बाइन ड्रिलने दात कोरण्याचा वेळ आणि त्रास दोन्ही कमी केले.

चाकाचे नट सोडवणारी गन, म्हणजे इम्पॅक्ट रेंच, फिरण्याला ठोकण्याची जोड देते. मोटार एका जड तुकड्याला वेग देते. तो तुकडा सॉकेट बसवलेल्या दांड्याला आडवा ठोसा मारतो, सुटतो, पुन्हा वेग घेतो आणि पुन्हा मारतो. हे सेकंदाला कित्येकदा घडते. तोच तो खडखडाट. ठोशाचा जोर नटावर जातो, हाताला मात्र त्याचा उलटा पीळ फारसा बसत नाही. लांब पान्याला पाइप अडकवून दोघांनी लोंबकळायचे काम एक माणूस बसल्याबसल्या करतो ते यामुळे. पण नेमका किती पीळ बसला हे ठोशांवरून कळत नाही. म्हणून चाकाचे नट गनने घट्ट केल्यावर शेवटी टॉर्क रेंचने तपासायचे असतात, आणि इंजिन जुळवणीच्या लाइनीवर ठरलेला पीळ येताच आपोआप हवा तोडणारी हत्यारे वापरतात.

ठोकणाऱ्या हत्यारांत सिलिंडर, त्यात मोकळा धावणारा दट्ट्या आणि हवा आलटून पालटून वर-खाली सोडणारी झडप एवढेच मुख्य भाग. वरून हवा आली की दट्ट्या खाली झेपावतो आणि छन्नीच्या माथ्यावर आदळतो. तेवढ्यात झडप बदलते, हवा खालून येते आणि दट्ट्या परत जातो. दट्ट्या छन्नीला जोडलेला नसतो, तो फक्त तिच्यावर आपटतो. घाव मिनिटाला हजाराच्या वर बसतात. हलक्या चिपिंग हॅमरमध्ये दोन हजार किंवा त्याहूनही जास्त. दोन किलोचा दट्ट्या सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळला, तर प्रत्येक घावाला ६४ ज्यूल ऊर्जा मिळते. हा घाव एकटा फार मोठा नाही. मोठी आहे ती त्याची न थकता होणारी आवृत्ती.

बोलण्यात ब्रेकर आणि जॅकहॅमर यांची गल्लत होते. ब्रेकर नुसता ठोकतो. काँक्रीट आणि डांबर फोडायला तेवढे पुरते. दगडात गोल भोक पाडायचे, तर प्रत्येक घावानंतर रॉड थोडा फिरवावा लागतो, नाहीतर तो एकाच खाचेत रुतून बसतो. जॅकहॅमरमध्ये दट्ट्या परत जाताना पिळाच्या खाचा असलेल्या दांड्यावरून सरकतो आणि एकाच दिशेने फिरू देणाऱ्या रॅचेटमुळे रॉडला एक हिसका देतो. रॉड पोकळ असतो. त्यातून हवा किंवा पाणी टोकापर्यंत जाऊन भोकातली पूड वर आणते. बोरघाटातल्या दोन माणसांची तिन्ही कामे ती अशी एका यंत्रात आली. ट्रॅक्टरच्या मागे कंप्रेसर आणि दोन-तीन जॅकहॅमर घेऊन विहिरी खोदत गावोगाव फिरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्राच्या कातळी भागात पाहायला मिळतात.

बोअरवेलच्या गाडीने हीच रीत जमिनीखाली नेली. भोक खोल गेले की वरून मारलेल्या घावाचा जोर रॉडच्या सांध्यांसांध्यांत विरतो. म्हणून हातोडाच रॉडच्या खालच्या टोकाला, बिटच्या लगेच मागे बसवतात. गाडीवरचे यंत्र रॉड सावकाश फिरवते. १० ते २० बार किंवा त्याहून जास्त दाबाची हवा रॉडमधून खाली जाऊन दट्ट्या चालवते आणि बाहेर पडताना फोडलेली पूड भोकाच्या कडेने वर फेकते. गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला खालचे काही दिसत नाही. त्याला सांगते ती वर येणारी पूड. मुरूम संपून काळा पाषाण लागला की राखाडी भुकटी उडते, लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा थर आला की ती लालसर होते, आणि ओल लागली की धूळ बसून चिखलाचे शिंतोडे उडू लागतात. पाणी लागले हे सगळ्यांच्या आधी हवाच सांगते.

ढकलण्याचे काम साध्या सिलिंडरचे. ५० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर भरते. ६ बार दाबाला तो घर्षण सोडून जवळपास १२० किलोचा जोर लावतो. मुठीत मावणाऱ्या नळीकडून एवढा जोर, तोही डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. म्हणून जॉब पकडणारे क्लॅम्प, पिशव्या सील करणारी आणि बाटल्या सरकवणारी यंत्रे, बसचे दरवाजे आणि रेल्वेचे ब्रेक यांत सिलिंडर सर्रास दिसतो. मात्र हवा आक्रसते आणि फुलते, त्यामुळे दट्ट्या मधेच एखाद्या अचूक जागी थांबवणे अवघड जाते. जिथे तसे थांबणे हवे तिथे तेल किंवा विजेची मोटार लागते.

चौथा प्रकार झोताचा. स्प्रे गनमध्ये हवा रंगाचे बारीक कण करते. सँडब्लास्टिंगमध्ये कठीण कण मारून गंज आणि जुना रंग काढते. इचलकरंजीतल्या एअरजेट मागांवर धोटा नसतो. बारीक नोझलमधून सुटणारा झोत आडवा धागा ताण्यातून पलीकडे उडवतो, आणि त्यामुळे अशा कारखान्याच्या वीजबिलात कंप्रेसरचा वाटा मोठा असतो.

उद्योगात हवेला पसंती मिळते ती काही ठरावीक कारणांनी. हत्यार त्याच शक्तीच्या विजेच्या हत्याराहून हलके असते, आणि दिवसाला हजारो वेळा उचलायच्या वस्तूत पाव किलोचा फरकही खांद्याला कळतो. विजेचा धक्का बसत नाही, म्हणून ओल्या जागी चालते. हत्यारात ठिणगी पाडणारी विजेची जोडणी नसते, त्यामुळे रंगाच्या बूथमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यात आणि ज्वालाग्राही वायू असलेल्या खाणीत ते जवळ करतात. अर्थात पोलादी छन्नी दगडावर आपटून उडणारी ठिणगी त्याने टळत नाही. आणि धूळ, उष्णता, आदळआपट ही हत्यारे सहन करतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हे सगळे एकत्र दिसते: साच्यातली वाळू ठासणे, कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि वाढीव धातू छन्नीने उडवणे, मग ग्राइंडरने कडा साफ करणे. फेटलिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खात्यात हवेतच लोखंडी पूड असते. तिथे साधी विजेची मोटार फार काळ टिकत नाही.

किंमत मोजावी लागते ती ऊर्जेत. मिनिटाला १ घनमीटर मोकळी हवा ७ बारपर्यंत दाबायला साधारण ६ ते ७ किलोवॅट वीज लागते. तेवढ्या हवेवर चालणारा ग्राइंडर चाकापाशी जेमतेम १ किलोवॅट शक्ती देतो. म्हणजे दिलेल्या विजेतील दहा-पंधरा टक्केच कामाला येते. बाकीची उष्णता होऊन जाते. त्यात गळती धरलेली नाही. ७ बारच्या लाइनीला ३ मिलिमीटरचे भोक पडले, तर कंप्रेसरला साडेतीन किलोवॅटच्या आसपास जादा शक्ती द्यावी लागते. दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात ते दिवसाला ऐंशी युनिटच्या घरात जाते. पाण्याचा नळ गळला की लादी ओली होते, तेल गळले की डाग पडतो. हवा गळताना फक्त सूं असा आवाज येतो, आणि यंत्रे चालू असताना तोही ऐकू येत नाही.

माणसाला बसणारी किंमत वेगळी. अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरने १९१८ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी कामगारांची पाहणी केली. हवेचा हातोडा चालवणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत, बधिर होत. हातातल्या रक्तवाहिन्या आणि नसा कंपनाने निकामी होण्याचा हा विकार आजही आहे. कंपन शोषणाऱ्या मुठी, थोड्या थोड्या वेळाने विसावा आणि हात ऊबदार ठेवणे हे त्यावरचे उपाय. ब्रेकरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाला संरक्षण हवेच. सर्वांत घातक मात्र दगडाची कोरडी धूळ. तिच्यातल्या सिलिकाने फुप्फुसे कायमची निकामी होतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात १९३० च्या सुमारास असे कोरडे ड्रिलिंग झाले आणि शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. पोकळ रॉडमधून पाणी सोडण्याची युक्ती त्याच्या तीस वर्षे आधीपासून माहीत होती.

हवा साधी दिसते म्हणून तिच्याशी खेळले जाते. कपडे किंवा अंग झटकायला ब्लो गन वापरली, तर धातूचे कण डोळ्यात जातात आणि जखमेवाटे हवा शरीरात शिरू शकते. कारखान्यात थट्टेने सहकाऱ्याच्या अंगात हवा सोडल्याने आतडी फाटून माणसे दगावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. ही थट्टा नव्हे, जीव घेणे आहे. दाब असताना सुटलेला होस चाबकासारखा फिरतो, म्हणून मोठ्या जोडांना साखळी किंवा तारेचा बंध लावतात, आणि होस काढण्याआधी लाइन बंद करून आतली हवा सोडून देतात.

आज या हत्यारांना प्रतिस्पर्धी आहेत. बोगद्यांतल्या मोठ्या ड्रिलिंगचे काम १९७० नंतर तेलदाबावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेले, कारण तितक्याच ऊर्जेत ती जास्त दगड पोखरतात. गाड्यांच्या जुळवणीत पिळाची अचूक नोंद ठेवणारी विजेची हत्यारे आली आणि गॅरेजात बॅटरीची गन आली. तरीही फाउंड्री, रंगकाम, पॅकिंग, बोअरवेल आणि दंतवैद्यक यांतून हवा हटलेली नाही. जिथे हत्यार हलके, मजबूत आणि ठिणगी न पाडणारे हवे, भाराखाली थांबले तरी न जळणारे हवे, तिथे ती योग्य. जिथे नुसती सवय म्हणून वापरली जाते, तिथे ती महाग पडते.

म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने पुस्तकाबरोबर एक साधी कसोटीही करून पाहावी. शिफ्ट सुटल्यावर सगळी हत्यारे बंद असताना कंप्रेसरजवळ थांबावे. कोणी हवा वापरत नसताना तो मधूनमधून चालू होत असेल, तर तेवढी हवा सांध्यांतून जात आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, फुगे येतील तो सांधा आवळावा, आणि मगच मोठा कंप्रेसर घेण्याचा विचार करावा.